दर वेळी वेगळी निळी स्क्रीन? फॉरमॅट मारण्याआधी प्रोसेसर मूळ वेगावर आणा

आमच्या गल्लीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा एक मित्र आहे. मे महिन्यात त्याचा फोन आला, आवाज पार रडवेला. "भाऊ, चौथ्यांदा फॉरमॅट मारला. तरी तेच. या विंडोजमध्येच काहीतरी बिघाड आहे." दोन दिवसांनी एका घरी व्हिडिओ द्यायचा होता आणि एक्स्पोर्ट कधी ३० टक्क्यांवर, कधी ८५ टक्क्यांवर मशीन बंद पाडत होता.

त्याने एक काम फार चांगलं केलं होतं. प्रत्येक वेळी स्क्रीन निळी झाली की मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. सात फोटो होते. मेमरी मॅनेजमेंट. आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल. सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन. पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. कर्नल सिक्युरिटी चेक फेल्युअर. पुन्हा मेमरी मॅनेजमेंट. आणि शेवटचा क्लॉक वॉचडॉग टाइमआउट. काही फोटोंत खाली फाइलचं नावही होतं: एकदा ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्राम), एकदा नेटवर्कचा, एकदा विंडोजची डिस्क सांभाळणारी एनटीएफएस फाइल. मित्राने त्या त्या नावावर विश्वास ठेवून ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला, मग वायफायचं कार्ड काढलं, मग एसएसडी बदलली. दर वेळी चार दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच सुरू झालं.

ते सात फोटो पाहिल्यावर मी पहिला प्रश्न विचारला, "प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलाय का?" म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवलाय का. त्याने तो शब्दच ऐकला नव्हता.

सात फोटो काय सांगत होते

विंडोजमध्ये किंवा एखाद्या ड्रायव्हरमध्ये खरोखरचा बग असेल तर तो हट्टी असतो. तेच काम केलं की तोच कोड, तीच फाइल, तीच जागा. आणि तो तुमच्या एकट्याकडे नसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये विंडोजच्या एका प्रीव्ह्यू अपडेटनंतर काही मशीनवर 'अनसपोर्टेड प्रोसेसर' अशी निळी स्क्रीन यायला लागली. सगळ्यांना तोच कोड, त्याच अपडेटनंतर, आणि मशीनही एकाच जातीची, एमएसआयच्या ठरावीक मदरबोर्डांची. पुढे बायोसचं (मदरबोर्डमधला, मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट आलं आणि प्रश्न मिटला. सॉफ्टवेअरमधला दोष असा दिसतो. त्याला पत्ता असतो.

मित्राच्या दोषाला पत्ताच नव्हता. सात फोटोंत सहा वेगळे कोड, फाइलची नावं एकमेकांशी काही संबंध नसलेली, वेळ कधी एक्स्पोर्टची तर कधी नुसतं क्रोम उघडं असतानाची. चार वेळा कोरी विंडोज टाकूनही दोष टिकला. याचा अर्थ दोष विंडोजच्या खालच्या थरात आहे. निळ्या स्क्रीनवर ज्या फाइलचं नाव येतं ती फक्त ठेच लागल्याची जागा असते. दगड कोणी टाकला हे ती सांगत नाही.

मग दोष ऑपरेटिंग सिस्टिमच्याच माथी का येतो? कारण कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सगळ्यात जास्त तपासण्या करतो. मेमरीतल्या याद्या, पत्ते, परवानग्या सतत पडताळून पाहतो आणि काही विसंगत दिसलं की पुढचं नुकसान टाळायला स्वतःहून थांबतो. व्हिडिओ एडिटरच्या हिशेबात एक बिट उलटा झाला (० चा १ किंवा १ चा ०) तर एखाद्या फ्रेममध्ये हिरवा ठिपका येतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. तोच बिट कर्नलच्या हिशेबात उलटला तर अख्खं मशीन थांबतं. म्हणून विंडोज बदनाम होते. (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून ही स्क्रीन निळीऐवजी काळी आली आहे. जुन्या सवयीने मी निळीच म्हणतो.)

वेग वाढवला की नेमकं काय चुकतं

स्लॅब टाकताना मजुरांची रांग पाहिली असेल. घमेलं हातोहात वर जातं. एका ठेक्यावर सगळे वळतात, घेतात, देतात. मुकादमाने ठेका वाढवला तरी रांग बराच वेळ चालते, कारण प्रत्येकाकडे थोडी सवड असते. आणखी वाढवला की एखादा मजूर अजून अर्धा वळलेला असतानाच पुढच्याचा हात येतो.

प्रोसेसरमध्ये तो ठेका म्हणजे क्लॉक. ५ गिगाहर्ट्झला दोन ठोक्यांमधलं अंतर २०० पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही पाचवा हिस्सा. तेवढ्या वेळात विजेचा संकेत ट्रान्झिस्टरांच्या एका लांब साखळीतून जाऊन पलीकडे स्थिर व्हायला हवा. नाही झाला तर पलीकडची जागा वाट पाहत नाही. त्या क्षणी जे हाती असेल ते ० किंवा १ म्हणून उचलते आणि पुढे जाते. घमेलं पडल्याचा आवाज होतो, इथे तोही होत नाही.

कंपनी प्रोसेसर विकताना या अंतरात मुद्दाम सवड ठेवते. उन्हाळा, जुना एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), पाच वर्षांनी थकलेली चिप, सगळं धरून. ओव्हरक्लॉक करणं म्हणजे ती सवड खाणं. आणि व्होल्टेज कमी करणं, म्हणजे अंडरव्होल्ट, हेही तेच. लॅपटॉप तापतो म्हणून अंडरव्होल्ट करणारे खूप जण आहेत आणि "मी वेग कुठे वाढवलाय?" असं मनापासून विचारतात. सवड दोन्हीकडून खाता येते.

तापमान वाढलं की हे सगळं आणखी ताणलं जातं. आमच्याकडे मे महिन्यात खोलीतच ४० अंश असतात, आणि पाण्याचा कूलर लावला तर हवा थंड होते पण दमट आणि धुळीचीही होते. थंडीत केलेली ओव्हरक्लॉकिंगची परीक्षा इथे मे महिन्यात काही कामाची नसते. शिवाय चिप झिजते. जास्त व्होल्टेजवर, जास्त उष्णतेत ती लवकर झिजते. "तीन वर्षं असंच चाललंय" हा म्हणून पुरावा होत नाही. तीन वर्षांपूर्वी पुरेशी असलेली सवड आज उरलेली नसू शकते.

"पण मी ओव्हरक्लॉक केलंच नाही"

हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो आणि बोलणारा खरंच बोलत असतो. पण वेग त्याच्या नकळत वाढलेला असतो.

एक तर असेंबल करून देणारा दुकानदार. मित्राच्या मशीनचं तेच झालं होतं. बायोस उघडला तर आठही कोअर ४.७ गिगाहर्ट्झला बांधलेले, व्होल्टेज हाताने १.३८ वर ठेवलेलं. दुकानदाराचा हेतू वाईट नसावा, गिऱ्हाइकाला मशीन वेगवान वाटावं एवढाच. पण हे त्याने सांगायला हवं होतं. कागदावर लिहून द्यायला हवं होतं. ज्याला आपलं मशीन कोणत्या वेगावर चाललंय हेच ठाऊक नाही, तो दोष शोधायला सुरुवात तरी कुठून करणार?

दुसरं म्हणजे मदरबोर्ड. 'मल्टिकोअर एन्हान्समेंट', 'गेम बूस्ट', 'पीबीओ एन्हान्स्ड' अशा नावांखाली मदरबोर्ड स्वतःच प्रोसेसरच्या मर्यादा सैल करतात. काही बोर्डांवर हे 'ऑटो' असतं आणि ऑटोचा अर्थ चालू असाच निघतो. म्हणजे बायोसमध्ये 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स' केलं की प्रोसेसर मूळ वेगावर आला, असं समजू नका. तो बोर्ड बनवणाऱ्याचा डिफॉल्ट असतो, प्रोसेसर बनवणाऱ्याचा नव्हे. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचा प्रश्न गाजला, तेव्हा ही गोष्ट सगळ्यांसमोर आली. कित्येक बोर्डांवर विजेची मर्यादा ४०९६ वॉट ठेवलेली, म्हणजे मर्यादाच नाही. मग इंटेलने बोर्डवाल्यांना 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' नावाचा वेगळा पर्याय द्यायला लावला.

त्या प्रकरणातलं लक्षण लक्षात ठेवण्यासारखं आहे. गेम सुरू होताना 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' असा संदेश यायचा. लोक ग्राफिक्स कार्डला शिव्या देत होते, काहींनी कार्ड बदलूनही पाहिलं. प्रत्यक्षात प्रोसेसर शेडरची (ग्राफिक्सच्या छोट्या प्रोग्रामची) दाबून ठेवलेली माहिती उलगडताना चुकत होता. पुढे कळलं की चिप जास्त व्होल्टेजमुळे कायमची झिजत होती. ऑगस्ट २०२४ च्या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या अपडेटने) व्होल्टेजची मागणी १.५५ व्होल्टच्या आत ठेवली आणि इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेली चिप मायक्रोकोडने बरी होत नाही. तुमच्याकडे या पिढीचा वरच्या श्रेणीतला प्रोसेसर असेल आणि सगळं मूळ सेटिंगवर आणूनही मशीन पडत असेल, तर वेळ न घालवता वॉरंटीत द्या.

तिसरी जागा रॅमची, आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त मशीन इथेच अडकतात. डब्यावर ३६०० लिहिलेली डीडीआर४ रॅम मुळात त्या वेगाने चालत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी नावाचं प्रोफाइल चालू केलं की ती १.२ ऐवजी १.३५ व्होल्टवर, वाढीव वेगाने चालते. रॅम तो वेग झेपवेल, पण प्रोसेसरच्या आतला मेमरी कंट्रोलर झेपवेलच असं नाही. इंटेल एक्सएमपीला ओव्हरक्लॉकिंगच मानते, एएमडी आपल्या एक्स्पो नावाच्या अशाच प्रोफाइलला तसंच मानते. आणि रॅमच्या चार कांड्या (पट्ट्या) लावल्या की कंट्रोलरवरचा भार फारच वाढतो. उदाहरण म्हणून रायझन ७००० मालिका घ्या: दोन कांड्यांना अधिकृत वेग ५२००, चार कांड्यांना फक्त ३६००. दुकानात कुणी हे सांगत नाही.

मित्राने दिवाळीत ४के फुटेजसाठी आणखी दोन कांड्या घेतल्या होत्या. वेगळ्या कंपनीच्या, पण ३६०० लिहिलेल्या. एक्सएमपी चालूच होतं.

कामाला लागण्याआधी

डगमगतं मशीन फाइल बिघडवू शकतं, गुपचूप. म्हणून पहिलं काम बॅकअप. तोही शक्य असेल तर मूळ मेमरी कार्डावरून थेट दुसऱ्या, धडधाकट मशीनवर. बिघडलेल्या मशीनमधून काढलेली प्रत ही बिघडलेलीच प्रत असू शकते. लग्नाचं फुटेज पुन्हा शूट करता येत नाही, म्हणून कार्ड पुसू नका. हे मी मित्राला हात जोडून सांगितलं होतं.

दुसरं, बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारा विंडोजचा भाग). विंडोज ११ च्या बऱ्याच मशीनवर तो आपोआप चालू असतो. बायोस रीसेट केलं की पुढच्या वेळी मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून घ्या. तिसरं, बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो. डिफॉल्ट लोड केल्यावर एसएसडीचा मोड 'रेड'चा 'एएचसीआय' झाला (एसएसडीशी बोलण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती) तर विंडोज सुरूच होणार नाही आणि तुम्हाला वाटेल नवाच रोग लागला.

आणि या अवस्थेत बायोस फ्लॅश, म्हणजे अपडेट, करू नका. आधी मूळ वेग, मग अपडेट. चालू फ्लॅशमध्ये मशीन गोठलं तर बोर्ड जाऊ शकतो.

मूळ वेगावर आणणं

बायोसमध्ये डिफॉल्ट लोड करा. मग हाताने तपासा: मल्टिकोअर एन्हान्समेंट बंद, पीबीओ बंद, एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद, इंटेल असेल आणि पर्याय असेल तर इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज. व्होल्टेजच्या ओळीत कुठेही हाताने भरलेला आकडा उरलेला नको. त्यानंतर विंडोजमध्ये येऊन रायझन मास्टर, इंटेलची एक्सटीयू किंवा बोर्डाची स्वतःची युटिलिटी असेल तर ती काढून टाका. ही साधनं जुनं सेटिंग परत लावू शकतात आणि मग तुम्ही बायोसमध्ये केलेलं सगळं वाया जातं. या एका गोष्टीने मी एकदा अख्खा रविवार घालवला आहे.

मग एचडब्ल्यूइन्फो (वेग आणि तापमान दाखवणारं साधन) उघडून प्रत्यक्ष वेग बघा. बायोसमध्ये काय लिहिलंय यापेक्षा चालताना काय दिसतं ते खरं.

आता मशीन नेहमीच्या कामाला लावा. तेच एक्स्पोर्ट, तेच तास, तीच भर दुपारची वेळ. आधी दिवसातून दोनदा पडणारं मशीन आठवडाभर उभं राहिलं तर उत्तर मिळालं.

पुरावा गोळा करणं

नुसतं 'बरं वाटतंय' यावर थांबू नका. एक तपासणी मला फार आवडते, कारण तिला काही विकत लागत नाही. रॅमपेक्षा मोठी फाइल निवडा. ६४ जीबी रॅम असेल तर ८० जीबीचं फुटेज. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून सीआरसी-एसएचए मेनूतून एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढा. लांबलचक आकडा येतो, त्याचा फोटो काढा. पुन्हा काढा. तिसऱ्यांदा काढा. फाइल बदललेली नाही, म्हणजे आकडा तोच यायला हवा. मित्राच्या मशीनवर पहिला आणि तिसरा सारखे आले, दुसरा पूर्ण वेगळा. मित्र बराच वेळ दोन्ही फोटो शेजारी धरून बघत राहिला. त्याला आतापर्यंतचं माझं सगळं बोलणं त्या क्षणी पटलं, कारण इथे विंडोजच्या बगला जागाच नव्हती. फाइल रॅमपेक्षा मोठी का हवी? लहान फाइल पहिल्या वाचनात रॅममध्ये साठून राहते, आणि एकदा चुकीची साठली की दर वेळी तीच चूक सारखीच येते. आकडे जुळतात आणि फसगत होते.

दुसरा पुरावा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत. सिस्टिम लॉगमध्ये 'व्हिया-लॉगर' (WHEA-Logger) नावाच्या नोंदी शोधा. क्रमांक १९ म्हणजे हार्डवेअरची चूक झाली पण दुरुस्त झाली. १८ म्हणजे जीवघेणी. तिथे 'इंटर्नल पॅरिटी एरर' किंवा 'कॅश हायरार्की एरर' असं दिसलं तर प्रोसेसर स्वतःच कबुली देतोय. स्टॉप कोड १२४, 'व्हिया अनकरेक्टेबल एरर', हाही त्याच घरातला. कर्नल-पॉवर ४१ मात्र काहीच सिद्ध करत नाही. मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढंच तो सांगतो. लोक तो पाहून उगाच एसएमपीएस बदलतात.

तिसरा पुरावा मिनिडंप. विंडोज फोल्डरमधल्या मिनिडंप फोल्डरात प्रत्येक क्रॅशची फाइल असते. विनडीबीजीमध्ये (मायक्रोसॉफ्टचं क्रॅश तपासणारं साधन) उघडून विश्लेषण करायला सांगितलं की शेवटी दोषी मॉड्यूलचं नाव येतं. मित्राच्या एका डंपमध्ये नाव होतं 'मेमरी करप्शन' आणि पुढे 'वन बिट'. याचा अर्थ रॅममध्ये असलेला विंडोजचा कोड मूळ फाइलशी ताडून पाहिला आणि फरक निघाला फक्त एका बिटचा. बग असलेला ड्रायव्हर दुसऱ्याच्या मेमरीत लिहितो तेव्हा सहसा अख्खे बाइट, ओळीच्या ओळी बिघडवतो. एकच बिट उलटा असेल तर माझं बोट आधी हार्डवेअरकडे जातं. नुसतं 'मेमरी करप्शन' असेल आणि पुढे 'वन बिट' नसेल तर एवढ्या ठामपणे बोलू नका. तिथे ड्रायव्हरही असू शकतो.

एसएफसी स्कॅननाउ (विंडोजच्या फाइल तपासणारी आज्ञा) चालवून 'फाइल दुरुस्त केल्या' आलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा वेगळ्याच फाइल दुरुस्त झाल्या, असं होत असेल तर तेही त्याच बाजूचं लक्षण. तसंच झिप उलगडताना कधी सीआरसी एरर (फाइलचा हिशेब न जुळल्याची चूक) आणि तीच झिप दुसऱ्यांदा व्यवस्थित.

प्रोसेसर की रॅम?

इथे एकेक गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या की काहीच कळत नाही.

रॅमसाठी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चालवा. विंडोजमधली स्वतःची मेमरी तपासणी वरवरची आहे, तिने पास केलं म्हणून खुश होऊ नका. चार फेऱ्या व्हायला ६४ जीबीला रात्र जाते. एकही चूक चालत नाही. एक चूक म्हणजे नापास.

प्रोसेसरसाठी प्राइम९५, म्हणजे प्रोसेसरकडून जड गणितं करून घेणारा प्रोग्राम. स्मॉल एफएफटी घेतलं तर सगळा ताण कोअर आणि उष्णतेवर, लार्ज किंवा ब्लेंड घेतलं तर रॅम आणि कंट्रोलरही त्यात येतात. चूक झाली की एक वर्कर (गणित करणारा एक धागा) थांबतो आणि ओळ येते: 'फेटल एरर: राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४'. उत्तर आधीच ठाऊक असलेलं गणित चुकलं. तापमानावर लक्ष ठेवा, आणि मे महिन्यात भर दुपारी ही परीक्षा घेताना समोरून उठू नका.

जी मशीन भार असताना टिकतात आणि रिकामी असताना पडतात, त्यांच्यासाठी प्राइम९५ असं एकदम चालवून उपयोग नाही. कामाचा भार कमी असताना प्रोसेसर एखाद-दुसऱ्या कोअरला सगळ्यात वरच्या वेगावर नेतो, आणि अंडरव्होल्ट किंवा कर्व्ह ऑप्टिमायझर (एएमडीची व्होल्टेज घटवण्याची सोय) लावलेलं असेल तर नेमका तिथे व्होल्टेज कमी पडतो. तिथे कोअरसायकलर वापरा. तो एकेका कोअरला आळीपाळीने तपासतो.

लिनक्सवाल्यांसाठी सगळ्यात जुनी परीक्षा कर्नल कंपाइल करण्याची, म्हणजे मूळ कोडपासून चालणारा कर्नल बनवण्याची. दर वेळी वेगळ्या फाइलवर 'इंटर्नल कंपायलर एरर' आला, आणि 'मेक' ही आज्ञा पुन्हा दिल्यावर तिथून पुढे गेला, तर कंपायलरला दोष देऊ नका. बग असता तर तो त्याच फाइलवर पुन्हा अडला असता. २००० साली इंटेलच्या १.१३ गिगाहर्ट्झ पेंटियम-३ चं बिंग याच कामावर फुटलं. परीक्षकांच्या हाती आलेल्या चिपवर लिनक्स कर्नल पूर्ण कंपाइल होईना. त्या ऑगस्टमध्ये इंटेलने तो प्रोसेसर बाजारातून परत घेतला. कंपनीनेच सवड खाल्ली तरी परिणाम तोच होतो.

आमच्या वहीतल्या नोंदी अशा: प्रोसेसर मूळ, एक्सएमपी चालू, चार कांड्या: मेमटेस्टमध्ये दुसऱ्या फेरीत ११ चुका. एक्सएमपी चालू, जुन्या दोनच कांड्या: शून्य. चार कांड्या, एक्सएमपी बंद: शून्य. मग रॅम मूळ वेगावर ठेवून दुकानदाराचं ४.७ चं सेटिंग परत लावलं: सकाळी सात वाजता प्राइम९५ दोन तास टिकलं, दुपारी दोन वाजता नवव्या मिनिटाला एक वर्कर थांबला, तापमान ९६. म्हणजे दोष दोन होते, एकमेकांत गुंतलेले. म्हणूनच काहीही बदललं तरी चार दिवस बरे जायचे आणि पुन्हा पडायचं.

किती मशीन अशी असतात

हे एखाद-दुसऱ्याचं दुखणं वाटू नये म्हणून दोन गोष्टी सांगतो. गिल्ड वॉर्स हा गेम बनवणाऱ्यांना काही केल्या समजत नसलेले क्रॅश सतावत होते. त्यांनी गेममध्येच एक छोटं गणित घातलं. ठाऊक उत्तराशी ताडून बघायचं, बस. सुमारे एक टक्का खेळाडूंची मशीन त्यात नापास झाली. ओव्हरक्लॉकिंग, तापणं, खराब रॅम, अपुरी वीज, ही कारणं.

आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांचे क्रॅश तपासून निबंध लिहिला. ओव्हरक्लॉक केलेली मशीन प्रोसेसरच्या दोषाने कितीतरी जास्त वेळा पडतात, मूळ वेगापेक्षा हळू चालवलेली कमी पडतात, आणि एकदा अशा दोषाने पडलेलं मशीन पुन्हा पडण्याची शक्यता न पडलेल्यापेक्षा जवळजवळ शंभर पटीपर्यंत जाते. हा शेवटचा निष्कर्ष मला सगळ्यात मोलाचा वाटतो. "एकदाच झालं होतं, जाऊ दे" म्हणणाऱ्यांनी तो जरूर ध्यानात घ्यावा.

याचा त्रास फक्त मशीनच्या मालकाला होत नाही. मुक्त सॉफ्टवेअरवर रात्री जागून, बिनपगारी काम करणारी माणसं आहेत. आपण ओव्हरक्लॉक केलेल्या मशीनवरचा क्रॅश त्यांच्याकडे बग म्हणून पाठवतो तेव्हा ती माणसं नसलेली चूक शोधत कित्येक तास घालवतात. बग कळवण्याआधी मूळ वेगावर तीच गोष्ट पुन्हा घडवून बघा, आणि घडली तर रिपोर्टमध्ये पहिल्याच ओळीत तसं लिहा. त्या एका ओळीने तुमच्या रिपोर्टची किंमत बदलते.

मूळ वेगावरही पडत असेल तर

मग वेगाचा संशय संपला आणि बाकीची यादी सुरू. मेमटेस्ट मूळ वेगावरही नापास असेल तर एकेक कांडी वेगळी लावून खराब कांडी शोधा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान शंभरीला टेकत असेल तर हीटसिंक उतरवून धूळ काढा आणि पेस्ट नवी लावा. आपल्याकडे वर्षातून एकदा हे करायलाच हवं. भार वाढताच मशीन निळी स्क्रीन न दाखवता थेट बंद पडत असेल तर एसएमपीएस बदलून पाहा. आणि हे सगळं स्वच्छ असेल, कोडही दर वेळी तोच असेल, तर आता खुशाल ड्रायव्हर व्हेरिफायर (ड्रायव्हरांवर कडक तपासण्या लावणारं विंडोजचं साधन) लावा आणि बग शोधा. तो तेव्हा सापडतोही, कारण पायाखालची जमीन हलत नसते.

मित्राच्या मशीनवर शेवटी प्रोसेसर मूळ सेटिंगवर ठेवला. चार कांड्या काढायची त्याची इच्छा नव्हती, म्हणून रॅम २९३३ वर आणली आणि दोन रात्री मेमटेस्ट चालवून शून्य चुका पाहिल्या. तासाभराच्या व्हिडिओचा एक्स्पोर्ट आधी ४२ मिनिटांत व्हायचा (पूर्ण झाला तर), आता ४५ मिनिटं लागतात. लग्नाचा व्हिडिओ एक दिवस उशिरा गेला, पण पूर्ण गेला. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला आम्ही एक कागद चिकटवला आहे: प्रोसेसर मूळ, रॅम २९३३, एक्सएमपी बंद, तपासल्याची तारीख. खाली पुढच्या मे महिन्यासाठी एक ओळ रिकामी ठेवली आहे.